पलटणीची पुंगळी

'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला आणि येथे असा रुळला की तो परका आहे हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. शब्द उच्चारताच सुशिक्षित मराठी माणसाला आठवते ते १८५७ साल, चरबी लावलेली काडतुसे आणि बराकपूरच्या छावणीत २९ मार्चला मंगल पांडे याने उचललेली बंदूक. परंतु ज्या काडतुसावरून एवढा प्रलय झाला त्यात धातूची पुंगळी मुळीच नव्हती. ते कागदाचे पुडके होते. शिपायाने ते दातांनी फोडावयाचे, आतील दारू बंदुकीच्या तोंडातून नळीत ओतावयाची आणि मग गजाने गोळी ठासावयाची, असा त्याचा क्रम होता. त्या एनफील्ड बंदुकीच्या नळीचा व्यास .५७७ इंच होता. हा आकडा श्रोत्यांनी क्षणभर ध्यानात ठेवावा, कारण पुढे शिकाऱ्यांच्या बंदुकांपर्यंत जी वाट गेली तिची एक फाटा येथूनच निघतो.

कागद जाऊन पितळ आले आणि बंदुकीचे सारे शास्त्रच पालटले. आजच्या काडतुसात चार वस्तू असतात: पुढे गोळी, मागे ठिणगी पाडणारी टोपी, मध्ये दारू, आणि या तिघींना एकत्र सांभाळणारी पितळी पुंगळी. पुंगळी म्हणजे केवळ डबी नव्हे. घोडा ओढला जाऊन दारू पेटली की तिच्या दाबाने पुंगळीचे पातळ अंग फुगते व नळीच्या मागल्या भागाला घट्ट चिकटते; त्यामुळे जळता वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत, येत नाही. दाब ओसरताच ती पुन्हा आकसते आणि बंदुकीचा आकडा तिच्या बुडाची कड पकडून तिला बाहेर ओढतो. या एका सोयीमुळे बंदूक मागून भरता येऊ लागली.

आता कारखानदाराच्या दृष्टीने या पुंगळीकडे पाहिले पाहिजे. तिचे बूड बदलावयाचे म्हटले तर बंदुकीचा बोल्ट, ओढून काढणारा आकडा, काडतुसांची पेटी आणि पुंगळ्या पाडणारी यंत्रे या सर्वांना हात लावावा लागतो; तो खर्च मोठा. गळा बदलावयाचा तर मात्र पोलादी साच्यात पुंगळी दाबली की काम झाले. जाड गोळीची पुंगळी अशी आवळून बारीक गोळीची करता येते, किंवा उलट तिचे तोंड रुंदावता येते. सैन्यासाठी सरकारे कोट्यवधी पुंगळ्या पाडून घेत. त्यांची मापे पक्की झालेली, सामर्थ्य पारखलेले आणि यंत्रे उभी असलेली. तेव्हा शिकारी बंदुका करणाऱ्यांनी पलटणीची पुंगळी उचलावी, तिचे बूड तसेच ठेवावे आणि गळा आपल्या मर्जीप्रमाणे घडवावा, हे ओघानेच आले. साऱ्याच शिकारी काडतुसांचे मूळ असे लष्करी आहे असे नाही. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ साली काढलेले प्रसिद्ध.३७५ स्वतंत्र बुद्धीचे होते. परंतु जी काडतुसे जगभर सामान्य शिकाऱ्याच्या हाती खेळली त्यांपैकी बहुतेकांच्या बुडाशी कोणती ना कोणती पलटण उभी आहे.

ब्रिटिशांनी १८६६ साली आपल्या तोंडाकडून भरावयाच्या एनफील्ड बंदुका टाकून न देता, जेकब स्नायडर या अमेरिकन गृहस्थाच्या युक्तीने त्यांची मागली बाजू कापून त्या मागून भरण्याजोग्या केल्या. नळी तीच, म्हणून व्यासही तोच .५७७. तिच्यासाठी वूलिचच्या सरकारी कारखान्यात कर्नल बॉक्सर यांनी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून पुंगळी बनविली. पुढे १८७१ साली मार्टिनी-हेन्री ही नवी बंदूक आली तेव्हा याच पुंगळीचे अंग लांबवून व गळा आवळून तिच्यात .४५० इंचाची गोळी बसविण्यात आली. तिचे नावही मोठे प्रामाणिक आहे: .५७७/.४५०. बाप आणि लेक दोघांचीही नावे त्यात आहेत.

येथे एक राजकीय गोष्ट सांगितली पाहिजे. सत्तावन्नाच्या अनुभवानंतर हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यावयाची असे धोरण सरकारने दीर्घकाळ राखले. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा हिंदी शिपायाला मार्टिनी. रयतेची तर कथाच निराळी. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ साली झालेल्या शस्त्रांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव झाले ते उगाच नव्हेत. रात्री पिकात डुकरे शिरतात तो शेतकरी निःशस्त्र, आणि हौसेखातर जंगलात जाणारा साहेब सशस्त्र, असा हा न्याय होता.

परंतु याच सरकारच्या भीतीचा चटका एकदा साहेब शिकाऱ्यांनाही बसला. लंडनच्या जॉन रिग्बी यांनी १८९८ साली बिनधुराच्या दारूचे .४५० चे मोठे शिकारी काडतूस काढले. हे रिग्बी काही काळ एनफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याचे प्रमुख होते. म्हणजे पलटणीची आणि शिकाऱ्याची बंदूक एकाच माणसाच्या हाताखालून गेली होती. हत्ती, गवा, वाघ यांच्यासाठी हे काडतूस हिंदुस्थानात पाहता पाहता लोकप्रिय झाले. तोच १९०७ साली सरकारने .४५० व्यासाच्या बंदुका व काडतुसे यांच्या आयातीला बंदी केली. सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती जुन्या मार्टिनी बंदुका होत्या, त्यांचा व्यासही .४५०, शिकाऱ्यांची सामग्री चोरीस जाऊन त्यांना पुरेल, अशी सरकारची धास्ती. वस्तुतः रिग्बींचे ते लांब, सडपातळ काडतूस मार्टिनीच्या नळीत नीट बसणारे नव्हते. परंतु कायदा पुंगळीचा आकार पाहत नाही, नाव वाचतो.

मग बंदूकवाल्यांनीही नावच बदलले. हॉलंडने .४६५ आणले, इतरांनी .४७० आणि .४७५ पुढे केली. जुन्या .४५० च्या गोळीचा खरा व्यास .४५८ इंच होता आणि हॉलंडच्या नव्या गोळीचा .४६८, फरक एक शतांश इंचाचा, म्हणजे पाव मिलिमीटरचा! एवढ्या अंतराने काडतूस राजद्रोही होते की राजनिष्ठ, याचा निकाल लागला. त्या बंदीने जन्माला आलेली .४७० ची जात आफ्रिकेत आजही हत्ती-रेड्यांच्या शिकाऱ्यांकडे असते. जिच्यापायी बंदी झाली ती मार्टिनी वस्तुसंग्रहालयात जाऊन बसली आहे.

ही झाली कडेच्या पुंगळीची हकीकत. त्या काळापर्यंत पुंगळीच्या बुडाला ताटाच्या काठासारखी बाहेर आलेली कड असे. एकेक काडतूस हाताने भरावयाचे तोवर तिची अडचण नव्हती. पेटीत पाच काडतुसे एकावर एक रचली की मात्र एकीची कड दुसरीच्या कडेत अडकू लागली. १८८८ साली जर्मन सरकारने नेमलेल्या समितीने नवी लष्करी बंदूक ठरविली तेव्हा तिच्या पुंगळीची कड अंगाबरोबर आणून बुडाजवळ एक खाच पाडली व आकडा त्या खाचेत बसविला. या बुडाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर, अर्ध्या इंचाहून किंचित कमी. ही खाचेची पुंगळी म्हणजे पुढील साऱ्या वंशाची आदिमाता होय.

त्या समितीत पाउल माउझर यांना स्थान नव्हते. व्युर्टेम्बर्गमधील ओबर्नडोर्फ या लहानशा गावचा हा बंदूक-कारागीर त्यामुळे दुखावला गेला असेल. परंतु त्याने बूड मात्र समितीचेच घेतले. पुंगळीची लांबी ५७ मिलिमीटर तीच, गळा मात्र ७ मिलिमीटरच्या गोळीपुरता आवळलेला. हे काडतूस १८९३ साली स्पेनच्या सैन्याने स्वीकारले, आणि पाच वर्षांनी जगाला त्याची ओळख पटली. १ जुलै १८९८ रोजी क्यूबातील सान ह्वानच्या टेकड्यांवर काही शे स्पॅनिश शिपायांनी हजारो अमेरिकन सैनिकांना तासन् तास रोखून धरले. त्या दिवशीच्या लढायांत हजाराहून अधिक अमेरिकन ठार वा जखमी झाले. पुढे १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बोअर शेतकऱ्यांनी तीच ७ मिलिमीटरची माउझर ब्रिटिशांवर रोखली. जानेवारी १९०० मधील स्पिऑन कोपच्या लढाईत गांधीजींच्या हिंदी शुश्रूषा-पथकाने डोल्यांतून जे जखमी वाहून नेले त्यांतील कित्येकांना याच काडतुसाच्या गोळ्या लागल्या असतील.

शत्रूच्या हातचे हत्यार जिंकणाऱ्याला आवडते, हे इतिहासात वरचेवर दिसते. त्याच जॉन रिग्बींची कंपनी ब्रिटनमध्ये माउझरची प्रतिनिधी झाली आणि तिने या ७ मिलिमीटर काडतुसाच्या देखण्या शिकारी बंदुका विकावयास आरंभ केला. मात्र इंग्रज गिऱ्हाइकापुढे जर्मन नाव आणि जर्मन मोजमाप कसे ठेवावयाचे? तेव्हा त्याचे '.२७५ रिग्बी' असे बारसे झाले. पुंगळीत तिळमात्र बदल नाही. माउझरचे काडतूस रिग्बीच्या बंदुकीत व रिग्बीचे माउझरमध्ये खुशाल चालते. या दुनियेत नावावर विसंबणाऱ्याची फसगत व्हावयाची ती अशी.

या लहानशा काडतुसाचे दोन विख्यात धनी झाले. एक स्कॉटलंडचा डब्ल्यू. डी. एम. बेल. त्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतील सुमारे आठशे या ७ मिलिमीटर बंदुकीने. इतर शिकारी दुप्पट जाडीच्या गोळ्या वापरीत. बेलने हत्तीच्या कवटीचा अभ्यास करून मेंदूचे स्थान अचूक शोधले आणि कठीण आवरणाची लांब गोळी तेथे नेमकी पोचविली. त्याच्या नेमाचे कौतुक करावे तेवढे थोडे, परंतु आठशे हा आकडा ऐकून आजच्या माणसाच्या अंगावर काटा उभा राहतो आणि तो राहावयासच हवा. हे सर्व हस्तिदंतासाठी होते.

दुसरा धनी हिंदुस्थानातला. कुमाऊंच्या जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ माणसांचे बळी घेतले होते असे सांगतात. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटना .२७५ रिग्बी बंदूक भेट दिली. तिच्या दस्त्यावर तसा चांदीचा लेख आहे. ती वजनाला हलकी, तिचा धक्का सौम्य, आणि दिवसभर डोंगर चढणाऱ्याच्या खांद्याला ती सोसवे. पुढे ही बंदूक कॉर्बेटच्या प्रकाशकांकडे राहिली आणि २०१५ साली रिग्बी कंपनीकडे परत गेली. स्पॅनिश सैन्यासाठी घडलेले जर्मन काडतूस इंग्रजी नाव धारण करून कुमाऊंच्या खेड्यांतील बायाबापड्यांच्या रक्षणास आले, असा हा प्रवास.

क्यूबात मार खाल्लेले अमेरिकन सैन्य स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांच्या क्रॅग बंदुकीत काडतुसे एकेक करून भरावी लागत, तर स्पॅनिश शिपाई पाचांची पट्टी एका दाबासरशी आत ढकली. अमेरिकनांनी माउझरच्या रचनेवरून स्वतःची स्प्रिंगफील्ड बंदूक बनविली, आणि ती इतकी मिळतीजुळती निघाली की अमेरिकन सरकारला माउझर कंपनीला स्वामित्वशुल्कापोटी दोन लक्ष डॉलर द्यावे लागले. तिच्यासाठी १९०६ साली ठरलेले काडतूस '.३०-०६' म्हणून ओळखले जाते. पुंगळी लांबून ६३ मिलिमीटर झाली. बूड मात्र तेच १२ मिलिमीटरचे. दोन महायुद्धे या काडतुसावर लढली गेली.

आणि येथून शिकारी काडतुसांचे जणू पीकच आले. कर्नल टाउनसेंड व्हेलेन यांच्या नावाने १९२२ साली याच पुंगळीचा गळा रुंदावून .३५ व्हेलेन झाले, ते मोठ्या हरणांसाठी व अस्वलांसाठी. विंचेस्टर कंपनीने १९२५ साली तो आवळून .२७० काढले, डोंगरी मेंढ्यांची लांबून शिकार करणाऱ्यांचे ते लाडके झाले. अधिक आवळलेले .२५-०६ तर जवळजवळ अर्धशतक हौशी कारागिरांच्या घरगुती साच्यांतच वाढले व १९६९ साली रेमिंग्टन कंपनीने त्याला बाजारात रीतसर स्थान दिले. तिकडे माउझरच्या मूळ ७ मिलिमीटर पुंगळीपासून १९३४ साली .२५७ रॉबर्ट्स जन्मले. बूड समान असल्यामुळे एकच बोल्ट या सर्वांना चाले. म्हणून युद्धानंतर कवडीमोलाने विकल्या गेलेल्या लष्करी माउझर बंदुका घेऊन गावोगावच्या कारागिरांनी नुसती नळी बदलली आणि शेतकऱ्याला, मजुराला परवडेल अशी शिकारी बंदूक करून दिली. शिकारीची कला श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून बाहेर आली ती या १२ मिलिमीटरच्या बुडामुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

कधी ओघ उलटाही वाहिला. अमेरिकन सैन्य आखूड पुंगळीचे प्रयोग करीत असता विंचेस्टरने ते काडतूस १९५२ साली '.३०८' या नावाने शिकाऱ्यांना विकावयास काढले, आणि नाटो राष्ट्रांच्या सैन्यांनी त्याचे भावंड ७.६२ मिलिमीटर म्हणून स्वीकारले ते १९५४ साली. शिपायाच्या आधी शिकाऱ्याला काडतूस मिळाल्याचे हे दुर्मिळ उदाहरण. त्याचाही गळा आवळून १९५५ साली .२४३ निघालेच.

जर्मनीत मात्र पहिल्या महायुद्धानंतर या वंशावर संकट आले. व्हर्सायच्या तहाने लष्करी सामग्रीवर निर्बंध घातले आणि ८ मिलिमीटरचे ५७ लांबीचे लष्करी काडतूस अडचणीत आले. तेथील कारखानदारांनी पुंगळी ३ मिलिमीटरने लांबविली, जुन्या बंदुकीची मागली पोकळी तेवढीच खोल केली, आणि ८ × ६० हे 'शिकारी' काडतूस सिद्ध झाले. बंदूक तीच, बूड तेच, गोळी तीच. हिंदुस्थानात पाव मिलिमीटरने जे साधले होते ते जर्मनीत तीन मिलिमीटरने साधले.

अशा नामांतराचे सर्वांत चिवट उदाहरण मात्र आपल्या देशात आहे. .३०३ हे ब्रिटिश व हिंदी सैन्याचे काडतूस म्हणून ते सामान्य परवानेदाराला वर्ज्य होते. मग परवानेदाराला द्यावयाचे काय? इंग्लंडच्या बी.एस.ए. कंपनीने ब्रिटिश अमदानीतच याचे उत्तर काढले. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे १८९० सालचे ८ मिलिमीटर मानलिखर काडतूस तिने उचलले. या पुंगळीची कड .३०३ च्या कडेच्या जवळजवळ मापाची, त्यामुळे ली-एनफील्डच्या घराण्यातील बोल्ट फारसा न बदलता चालला. मिलिमीटरांचे इंच करून नाव ठेवले '.३१५'. शस्त्र ब्रिटिश लष्करी वळणाचे, काडतूस परक्या सम्राटाच्या पलटणीचे, आणि दोहोंचा संकर कायद्याच्या दृष्टीने निव्वळ शिकारी! हिंदी सैन्याच्या कोठारातील एकही काडतूस तिच्यात जाऊ शकत नव्हते, एवढ्यावर सरकारचे समाधान होते.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, हा हिशेब बदलला नाही. बंगालमधील इच्छापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने .३१५ ची शिकारी बंदूक बनवावयास घेतली. मंगल पांडेचे बराकपूर तेथून थोड्याच मैलांवर आहे. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील, १८६९ साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यातून निघू लागली. १९५९ चा नवा शस्त्र कायदा आला, त्याने गोऱ्या-काळ्याचा भेद मोडला; तरी सैन्याने कधीच मागे टाकलेले .३०३ निषिद्धच राहिले आणि .३१५ ला परवाना मिळत राहिला. मौज अशी की दोन महायुद्धे गाजविलेले अमेरिकेचे .३०-०६ मात्र येथे निषिद्ध नाही, कारण ते हिंदी सैन्याचे नेहमीचे काडतूस कधीच नव्हते. इच्छापूरने त्याचीही शिकारी बंदूक काढली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो सारा काळ संपविला. वाघ-बिबट्यांवर नेम धरणाऱ्यांची हौस इतिहासजमा झाली, आणि .३१५ बंदूक उत्तरेकडील खेड्यांत घराच्या व शेताच्या राखणीची म्हणून उरली. तिच्या काडतुसाचे मूळ घर तर केव्हाच मोडले होते. हॅब्सबर्ग सम्राटांचे राज्य १९१८ साली लयास गेले, आणि १९३० च्या सुमारास ऑस्ट्रिया व हंगेरी या दोन्ही देशांच्या सैन्यांनी ती जुनी पुंगळी टाकून ५६ मिलिमीटर लांबीची नवी पुंगळी घेतली. जुनी तेवढी खडकीत पाडली जात राहिली.